केबलचे वाढते बिल आणि घरच्या करमणुकीचे पर्याय

दूध, वीज किंवा स्वयंपाकाचा गॅस महागला की त्याची बातमी होते, त्यावर अग्रलेख येतात, प्रसंगी मोर्चेही निघतात. केबलची दरवाढ मात्र निमूटपणे घरात शिरते. वसुलीला आलेला मुलगा दारात उभा राहून ‘पुढच्या महिन्यापासून तीस रुपये जास्त’ असे सांगतो, किंवा रिचार्ज करताना मोबाइलच्या पडद्यावर नवा आकडा उमटतो आणि आपण तो भरून मोकळे होतो. तीस रुपयांसाठी कोण वाद घालणार? पण वर्षा-दोन वर्षांनी असे तीस-तीस रुपये साचत जातात, दुसऱ्या खोलीतल्या संचाचे वेगळे पैसे त्यात मिळतात आणि एके दिवशी लक्षात येते, की ज्या करमणुकीला आपण स्वस्त समजत होतो ती वर्षाकाठी चार-पाच हजारांच्या घरात गेली आहे. मग घरात कोणीतरी म्हणतो, ‘केबल बंदच करून टाकू.’

तो निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहणे आवश्यक आहे. या बिलात नेमके काय काय असते, ही पहिली. केबल काढल्यावर तिच्या जागी जे येणार आहे त्याचा खरा खर्च किती आणि तो घरातल्या कोणाला सोसणार, ही दुसरी. बहुतेक घरांत पहिला हिशेब कोणी केलेला नसतो आणि दुसरा करण्याचे कोणाला सुचत नाही.

ठोक रकमेपासून सुट्या दरांपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी संचासाठी परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. कार्यक्रमांसाठी वेगळे पैसे मोजण्याचा प्रश्नच नव्हता. १९८० च्या दशकात मुंबईतल्या उंच इमारतींत कोणीतरी एका खोलीत व्हीसीआर लावून सर्व मजल्यांवर तारा सोडल्या, ही आपल्याकडच्या केबलची सुरुवात. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून आली, पाठोपाठ स्टारच्या वाहिन्या आल्या, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला आणि गल्लीतला व्हिडिओवाला केबलचालक झाला. या धंद्याला कायद्याची चौकट मिळाली ती १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियमाने. अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाल्यावर तर केबल ही मराठी घरातील जवळजवळ नळाच्या पाण्यासारखी गोष्ट झाली.

त्या काळात ग्राहक एक ठोक रक्कम देई आणि जे दिसेल ते पाही. चालक आपल्या ग्राहकांची संख्या वाहिन्यांना कमी करून सांगत, वाहिन्या त्याची भरपाई म्हणून दर वाढवीत आणि या ओढाताणीचा भार अखेर ग्राहकावर येई. त्यावर उपाय म्हणून सेट टॉप बॉक्सची सक्ती करणारी ‘कॅस’ पद्धती आली. ती चेन्नईत सप्टेंबर २००३ मध्ये लागू झाली. मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या ठरावीक भागांत तिला २००६ ची अखेर उजाडावी लागली. तोवर, जानेवारी २००४ मध्ये, हा व्यवसाय भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या कक्षेत आला होता. पुढे २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईसह महानगरांत आणि मार्च २०१३ अखेर पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत अंकीय प्रसारण सक्तीचे झाले. २०१७ च्या मार्चमध्ये देशातील उरलेल्या भागाचीही मुदत संपली. घरोघरी बॉक्स पोहोचल्यावर प्रत्येक घर कोणती वाहिनी घेते हे मोजता येऊ लागले. म्हणजेच वाहिनीगणिक दर आकारणे शक्य झाले.

बिलाची चिरफाड

सध्याच्या बिलाची रचना ज्या आदेशातून आली तो ट्रायने ३ मार्च २०१७ रोजी काढला. वाहिन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश उचलून धरला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून घराघरांत ‘वाहिन्या निवडा’ असा गलबला उडाला. त्या आदेशाने बिलाचे तीन भाग पाडले : तार किंवा छत्री वापरण्याचे नेटवर्क क्षमता शुल्क, सशुल्क वाहिन्यांची किंमत आणि या दोहोंवरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर.

पहिला भाग त्या वेळी १३० रुपयांपर्यंत मर्यादित होता. त्यात शंभर साध्या दर्जाच्या वाहिन्या बसत. अतिस्पष्ट दर्जाची, म्हणजे एचडी वाहिनी दोन वाहिन्यांच्या बरोबरीची धरली जाई. कर मिळवला की ही रक्कम १५३ रुपये ४० पैसे होई. एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्याचे हे किमान बिल.

दुसरा भाग उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१९ च्या पहिल्या दरपत्रकात झी मराठी १९ रुपये, कलर्स मराठी १० रुपये आणि स्टार प्रवाह ९ रुपये असे दर होते. केवळ या तीन वाहिन्या घेणाऱ्या घराचा हिशेब १३० अधिक ३८, म्हणजे १६८ आणि करासह १९८ रुपये २४ पैसे असा होत होता. आजचे दर वेगळे आहेत, परंतु गणिताची रीत तीच आहे आणि ती कागदावर एकदा करून पाहण्याजोगी आहे. आपल्या बिलाचा आकडा या रीतीने काढलेल्या आकड्यापेक्षा बराच मोठा येत असेल, तर मधली रक्कम ‘पॅक’ नावाच्या गाठोड्यात गेलेली असते.

हे गाठोडे समजून घेतल्याशिवाय दरवाढ समजत नाही. प्रत्येक प्रसारण समूह आपल्या वाहिन्या सुट्या विकतो आणि एकत्र बांधूनही विकतो. गाठोड्यात बसवायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांहून अधिक नसावी, असे बंधन २०१९ मध्ये होते. लोकप्रिय वाहिन्यांनी बरोबर १९ हीच किंमत लावली. १ जानेवारी २०२० च्या सुधारणेत ट्रायने ही मर्यादा १२ रुपयांवर आणली, तेव्हा समूह पुन्हा न्यायालयात गेले आणि प्रकरण लांबले. अखेर नोव्हेंबर २०२२ च्या सुधारणेने मर्यादा पुन्हा १९ रुपये केली आणि गाठोड्यावर ४५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा दिली. ही व्यवस्था फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. त्या महिन्यात नवे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण काही बड्या समूहांनी बंद केले होते आणि पैसे भरलेल्या ग्राहकांसमोर काही दिवस कोरा पडदा होता.

पंचेचाळीस टक्के सवलत हा आकडा ऐकायला गोड वाटतो. समजा, एका समूहाच्या आठ वाहिन्यांची सुटी किंमत मिळून ६० रुपये होते. पूर्ण सवलत दिल्यास गाठोडे ३३ रुपयांना पडते. घरात यांपैकी दोनच वाहिन्या पाहिल्या जातात, पण त्या दोन्ही १९ रुपयांच्या आहेत, म्हणजे सुट्या घेतल्यास ३८ रुपये. अशा स्थितीत कोणीही शहाणा माणूस ३३ रुपयांचे गाठोडेच घेणार. प्रत्येक समूहाने एक-दोन चलनी नाण्यांभोवती अशी मोट बांधली, की निवडीचे स्वातंत्र्य कागदावर राहते आणि चार समूहांची चार गाठोडी घरात येतात. ग्राहकाने हवे तेवढेच घ्यावे व तेवढ्याचेच पैसे द्यावेत, या हेतूने केलेल्या नियमाची ही परिणती पाहिली, की नियम करणाऱ्यांपेक्षा दरपत्रक करणारे अधिक हुशार होते, असेच म्हणावे लागते.

यानंतरचा बदल सर्वांत महत्त्वाचा, पण त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क क्षमता शुल्कावरील कमाल मर्यादाच काढून टाकली. भाग, ग्राहकांचा प्रकार किंवा वाहिन्यांची संख्या पाहून कंपनी आता हे शुल्क स्वतः ठरवू शकते. अट एवढीच, की तिने ते जाहीर करावे व ग्राहकाला कळवावे. स्पर्धा असल्याने दर आपोआप आटोक्यात राहतील, हा त्यामागचा विचार. जिथे दोन केबल कंपन्या, चार डीटीएच कंपन्या आणि फायबरवाले एकाच वसाहतीत फिरतात तिथे तो खरा ठरू शकतो. जिथे सोसायटीच्या जिन्यातून एकाच चालकाची तार आली आहे आणि गच्चीवर छत्र्या लावायला मनाई आहे, तिथे स्पर्धा कुठून येणार? दुसऱ्या संचासाठीचे शुल्कही २०२० च्या सुधारणेनुसार पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक घेता येत नसे. आता त्याचेही गणित कंपनीच मांडते.

वसुलीला येणारा केबलवाला या साऱ्यात गबर होतो, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. सशुल्क वाहिनीच्या किमतीतून वितरकाला मिळणारे किमान शुल्क २० टक्के आहे. बाकी रक्कम प्रसारकाकडे जाते. मोठी केबल कंपनी व स्थानिक चालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर त्यांच्या वाट्याची रक्कम ५५ आणि ४५ या प्रमाणात वाटली जावी, असा नियम आहे. वरच्या १६८ रुपयांच्या उदाहरणात चालकाच्या हाती साठ-बासष्ट रुपये पडतात. त्यातून तारेची दुरुस्ती, मुलाचा पगार आणि पावसाळ्यात भिजलेले जोड बदलणे भागवायचे. गणपतीत किंवा सामन्याच्या दिवशी प्रक्षेपण गेले, तर शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

जोडणी ठेवूनही बिल कमी करता येते

केबल तोडणे हाच एक मार्ग आहे असे नाही. पहिले काम म्हणजे बिलाची तपशीलवार प्रत मागणे. कोणती वाहिनी व कोणते गाठोडे कितीला, हे कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. वितरकाने ९९९ क्रमांकाची वाहिनी ग्राहक-माहितीसाठी राखून ठेवायची असते. पॅक व दर जाणून घेण्यासाठी ती एकदा लावून पाहावी. त्यानंतर आठवडाभर घरात प्रत्यक्ष काय पाहिले जाते ते कागदावर टिपून ठेवावे. दोनशे-तीनशे वाहिन्यांच्या बहुतेक घरांत ही यादी दहा-बारा नावांपुढे जात नाही. त्यांतल्या बऱ्याच, विशेषतः बातम्यांच्या, वाहिन्या निःशुल्क असतात. उरलेल्या सशुल्क वाहिन्यांची सुटी बेरीज आणि गाठोड्याची किंमत शेजारी मांडली, की काय ठेवावे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशी दोन्ही रूपे घेणे ही सर्रास आढळणारी उधळपट्टी. लहान पडद्यावर एचडीचा फरक फारसा जाणवतही नाही. क्रिकेटची वाहिनी वर्षभर चालू ठेवणे ही दुसरी. मालिका असेल त्या महिन्यापुरती ती सुटी घेता येते. उन्हाळ्यात महिना-दोन महिने गावी किंवा मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांनी सेवा तात्पुरती स्थगित करण्याची विनंती आधीच करून ठेवावी. तशी तरतूद नियमांत आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिथेही निराशा झाल्यास ग्राहक आयोग आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, हे ठाऊक नसल्याने अनेकांचा वेळ वाया जातो.

विनाभाड्याची छत्री

केबलला खरोखरचा फुकट पर्याय एकच आहे, तो म्हणजे दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली. एकदा दीड-दोन हजार रुपये खर्चून छत्री व बॉक्स बसवला, की पुढे महिन्याचे भाडे नाही. देशातील कोट्यवधी घरांत ती पोहोचली आहे. काही नव्या संचांत उपग्रहाचे प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर अंगभूतच असतो आणि त्यांना वेगळा बॉक्सही लागत नाही. गच्चीवरच्या जुन्या काटेरी अँटेना मात्र पुन्हा उपयोगी पडतील, या आशेवर कोणी राहू नये. दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुनी अॅनालॉग प्रक्षेपणे मोजके अपवाद वगळता मार्च २०२२ अखेर थांबली.

शहरवासीयाला यात पहिली अडचण येते ती दिशेची. फ्री डिशचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. मुंबई-पुण्याहून पाहिल्यास तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश उंचीवर येतो. ज्यांच्या सदनिकेची खिडकी किंवा सज्जा पूर्वेकडे वा दक्षिणेकडे मोकळा आहे त्यांचे काम होते. केवळ पश्चिमेला तोंड असलेल्या घराला गच्चीशिवाय गत्यंतर नाही आणि तिथे सोसायटीची परवानगी लागते. छत्री विकत घेण्यापूर्वी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सज्जात ऊन येते का, एवढे पाहिले तरी दिशेचा ढोबळ अंदाज येतो.

दुसरी अडचण कार्यक्रमांची. सह्याद्री वाहिनी आहे, बातम्या आहेत, जुने चित्रपट आहेत. खासगी वाहिन्या मात्र लिलावात जागा घेऊन येतात आणि मुदत संपली की जातात. त्यामुळे मराठी खासगी वाहिन्यांची यादी वर्षागणिक बदलते. बड्या समूहांचा तर येथे लपंडावच चालतो. मार्च २०१९ मध्ये त्यांनी आपल्या निःशुल्क हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढून घेतल्या. रात्री आठला जी मराठी मालिका घरात पाहिली जाते ती तिथे मिळेल, हे गृहीत धरू नये.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित केलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला दूरदर्शनला द्यावे लागते. भारतीय संघाचे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय व टी-२० सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. हे प्रक्षेपण दूरदर्शनने कोणाला दाखवावे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणापुरते व फ्री डिशपुरतेच राहील, खासगी केबल व डीटीएचवर नाही. म्हणजे दरमहा पैसे भरणाऱ्याला तो सामना दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसत नाही आणि एक पैसाही न भरणाऱ्या शेजाऱ्याला दिसतो.

ओटीटी : स्वस्ताईचा आभास

तरुण मंडळींचे उत्तर ठरलेले असते, ‘केबल कशाला, मोबाइलवर सगळे आहे.’ सगळे आहे हे खरे, पण एके ठिकाणी नाही. एका समूहाच्या मालिका एका अॅपवर, दुसऱ्याच्या दुसऱ्यावर, परदेशी चित्रपट तिसऱ्यावर. त्याखाली ब्रॉडबँडचे भाडे, त्यावरही १८ टक्के कर. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन गिगाबाइटवर मोठा पडदा चालवू म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की उत्तम दर्जाचे चित्र तासाला तीन गिगाबाइटपर्यंत खाऊ शकते, म्हणजे सामन्याचा पहिला डाव संपण्यापूर्वीच शिधा संपतो. शिवाय केवळ मोबाइलसाठीची स्वस्त योजना दूरचित्रवाणी संचावर चालत नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घरून काम करण्यासाठी ब्रॉडबँड आधीच घेतलेले असेल, तर हिशेब बदलतो. तेव्हा अॅपचीच वर्गणी काय ती वाढते. केवळ केबल काढण्यासाठी ब्रॉडबँड घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होण्याची शक्यता अधिक.

ज्या कारणांनी लोक केबलवर रुसले ती कारणे हळूहळू इकडेही येत आहेत. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेरच्यांशी पासवर्ड वाटून घेण्यावर बंदी आणली. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर जादा पैसे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झाले, म्हणजे दोन दुकानांचे एक झाले. एका दुकानात ग्राहकाला भाव करता येत नाही, हे केबलच्या इतिहासाने एकदा शिकवलेले आहे.

तरीही ओटीटीत एक सोय आहे, जी केबलमध्ये फारशी कोणी वापरत नाही : एका वेळी एकच वर्गणी घ्यायची, महिनाभर हवे ते पाहायचे आणि ती बंद करून दुसरी घ्यायची. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची मुभा मात्र द्यायची नाही. एवढे पथ्य पाळले तर खर्च आटोक्यात राहतो. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे आपले अॅप सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या व जुने कार्यक्रम पाहता येतात. यूट्यूबवर नाटके, कीर्तने, संगीताच्या मैफली आणि व्याख्याने विपुल आहेत. केवळ याच दोहोंवर निभावणारी घरेही आता आढळतात.

रिमोट कोणाच्या हाती

आता दुसऱ्या हिशेबाकडे. केबल बंद करण्याचा ठराव मांडणारे बहुधा घरातले कमावते असतात. दिवसभर ते घरात नसतात आणि रात्री मोबाइलवर असतात. केबल खऱ्या अर्थाने पाहतात ते घरातले वृद्ध. त्यांचा दिवस वाहिन्यांच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. सकाळचे अभंग, दुपारचे पुनःप्रक्षेपण, संध्याकाळच्या बातम्या, मग ओळीने मालिका. त्या मालिकांच्या दर्जाबद्दल आपण कितीही नाक मुरडले, तरी भिंतीपलीकडे माणसांचा आवाज असणे ही दुपारी एकट्या असलेल्या आजीची गरज असते. मालिकेत काल काय झाले, हा तिचा शेजारणीशी बोलण्याचा विषय असतो. बिलातले तीनशे रुपये वाचवताना त्या संभाषणाची किंमत कोणी धरत नाही.

ओटीटीवर तीच मालिका मिळते, हे उत्तर अपुरे आहे. जुन्या रिमोटवर तिला दोन अंक पाठ होते. आता संच सुरू करा, वायफाय जोडले आहे का पाहा, अॅप उघडा, प्रोफाइल निवडा, शोधा, आणि मध्येच ‘पुन्हा लॉग इन करा’ असे आले तर मुलाला कार्यालयात दूरध्वनी करा. इतक्या पायऱ्या चढण्याऐवजी ज्येष्ठ मंडळी संच बंद ठेवून बसून राहतात आणि तक्रारही करीत नाहीत. घरातल्यांना वाटते, त्यांना करमते आहे.

म्हणून ज्या घरात वृद्ध आहेत तिथे केबल एकदम न तोडता दोन-तीन महिने दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवून पाहाव्यात. जोडणी किमान शुल्कावर आणावी, त्यात आजी-आजोबा पाहतात त्या दोन-तीन वाहिन्या सुट्या ठेवाव्यात आणि बाकीच्यांनी आपली सोय अन्यत्र करावी. माझ्या मते शहरी मराठी घरासाठी आज हाच सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. वर दिलेल्या २०१९ च्या उदाहरणासारखे बिल आजही निम्म्याहून अधिक घरांना पुरेसे ठरावे. मोठे होते ते गाठोड्यांमुळे आणि दुसऱ्या संचामुळे. दुसरा संच तर निर्धास्तपणे काढावा. एका घरातली माणसे दोन खोल्यांत दोन मालिका पाहत बसण्यापेक्षा रिमोटवरून भांडलेली बरी.

पडद्याविना करमणुकीलाही या हिशेबात जागा असावी. विविध भारती १९५७ पासून चालू आहे आणि आकाशवाणी आता मोबाइलवरही ऐकता येते. डोळ्यांचे त्रास असलेल्यांना तर दूरचित्रवाणीपेक्षा ती अधिक सोसते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून वाचकांची वाट पाहत आहेत. वाचनालयाची वर्गणी आणि आपल्या एका गाठोड्याची किंमत एकदा ताडून पाहावी.

जोडण्या कमी होत आहेत, हे तर दिसतेच आहे. ट्रायच्या आकडेवारीनुसार सशुल्क डीटीएचचे ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे सात कोटी होते, ते २०२५ च्या मध्यास ५ कोटी ६० लाखांच्या आसपास आले. केबलचीही तीच दिशा आहे. ग्राहक घटले की उरलेल्यांवर शुल्काचा भार वाढतो आणि भार वाढला की आणखी काही जण सोडून जातात. गल्लीतले कित्येक केबलचालक म्हणूनच आता इंटरनेटच्या जोडण्या देऊ लागले आहेत. जुन्या ग्राहकाला दोन्ही मिळून सवलत देण्याची त्यांची तयारी असते. घासाघीस करायला संकोचू नये.

एवढे करूनही जोडणी तोडायचीच ठरली, तर नुसता रिचार्ज थांबवून बसू नये. सेवा बंद करण्याची विनंती लेखी किंवा संदेशाने द्यावी आणि तिचा क्रमांक टिपून ठेवावा. बॉक्स भाड्याचा असेल तर तो जोडतार व रिमोटसह परत करून पोच घ्यावी व अनामत रक्कम मागावी. स्वतःच्या मालकीचा असेल तर तो दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर बहुधा चालत नाही, कारण प्रत्येक कंपनीचे कुलूप वेगळे आहे. कोणत्याही कंपनीत चालेल असा बॉक्स असावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. तोवर आपला बॉक्स जपून ठेवावा. पावसाळा संपेपर्यंत मन बदलले, तर त्याच चालकाकडे नव्याने बॉक्सचे पैसे तरी भरावे लागणार नाहीत.